घेवड्याच्या पानावरची लिपी

कुकरची शिट्टी झाली आणि अंगणात श्वास रोखून बसलेली माणसं एकदम दचकली. थोरल्या जाऊबाई धावत आत गेल्या, गॅस बंद केला आणि परत येऊन हात जोडून बसल्या. चमत्कार त्यांच्याच घेवड्याच्या वेलावर झाला होता! पानापानावर पांढरी, नागमोडी ओळ, रोज सकाळी थोडी वाढलेली. ती वाचायला लिपीबाबा आले होते. ती फक्त त्यांनाच वाचता येई, ही त्यातली सोय.

धाकटी जाऊ लेकीला मांडीवर घेऊन अगदी पुढे बसली होती. पोरीला फिट्स यायच्या. मागच्या खेपेला पानाने ‘औषध थांबवा’ म्हटलं आणि आईने थांबवलं. काल फिट आली. मोठी.

“विष बाहेर पडतंय,” बाबांनी नवं पान डोळ्यांशी नेलं. “स्पष्ट लिहिलंय. बाटली फेका, ताई. पुन्हा कधीच फिट नाही.”

“मागेही हेच म्हणालात.”

“ते पान कोवळं होतं!”

“गप्प बस गं,” जाऊबाई कुजबुजल्या. “पोरीसाठीच चाललंय ना?”

पोरीने तेवढ्यात एक पान उचलून उन्हात धरलं. “आई, ओळीच्या टोकाला कोणीतरी आहे. हलतंय.”

“ठेव खाली! लिपी बाटेल!” बाबा ओरडले.

आईने ओढणीची टाचणी काढली, टोकाचा पापुद्रा अलगद उचलला. तिळाएवढी हिरवट अळी तिच्या नखावर वळवळली.

“घ्या, लेखक सापडला!” मागून कोणीतरी म्हणालं.

एक चिमुकला पतंग घेवड्याच्या पानावर अंडी घालतो. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरते, खात खात पुढे सरकते. आतलं हिरवं संपतं तिथे पांढरी रेघ उरते. एवढीच लिपी.

“देव अळीच्या रूपातही...” बाबांनी सुरुवात केली.

“अळीला भूक लागली होती, बाबा. माझ्या लेकीचं तिला काय ठाऊक?” ती म्हणाली. “पान उजेडात धरायला कितीसा वेळ लागतो? आपण एकानेही धरलं नाही. मीही नाही. यापुढे आधी धरून बघू या, हात मग जोडू.”

जाऊबाईंनी जोडलेले हात सोडवले आणि एक पान उचलून उन्हात धरलं.

आपल्या घरी येऊन तिने डॉक्टरांना फोन केला, बोलणी खाल्ली, त्यांनी सांगितलं तेवढं औषध चमच्यात ओतलं. फिट्स कमी होतील, डॉक्टर म्हणाले होते. कमी.

पोरीने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

“आई, हे घेतलं की परत कधीच नाही ना येणार?”