दारोदार राहिलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. चर्चच्या मोडक्या बाकांच्या लाकडातून घडले. सुतार रंधा मारता मारता गुणगुणायचा,

लाकडा रे लाकडा, नको मानाचा तोरा,
थकल्या जिवाला दे टेकायला थारा.

त्या दिवसांत कौलांच्या कारखान्यात एक कामगार दगावला. त्याची तीन मुलं तीन नातेवाइकांनी वाटून नेली आणि आई दारात उभीच राहिली. हे आमच्या फादरांनी पाहिलं. त्यांनी गवंडी, शिंपी, हमाल अशी माणसं गोळा केली आणि अशा घरांना आधार द्यायला बंधुमंडळ सुरू केलं. पहिला अध्यक्ष झाला गवंडी. मला त्याच्यासाठीच बनवलं होतं, पण तो काही बसला नाही. म्हणाला, "मला परांचीवर उभं राहायची सवय. हिच्यावर ज्यांचा आधार गेला त्यांना बसवा."

तोच नियम झाला. मंडळातला एखादा बंधू वारला की अध्यक्षाने मला स्वतः खांद्यावरून त्याच्या घरी न्यायचं. घरची बाई बसणार, अध्यक्ष समोर उभा राहणार. ती मागेल ते पुरं होईपर्यंत मला परत आणायचं नाही.

मित्रांनो, मी किती घरं पाहिली! एका घरी छप्पर होईपर्यंत राहिले, एका घरी लेक नर्स होईपर्यंत. अध्यक्ष बदलत गेले. शिंप्याचा खांदा टोचायचा, पोस्टमन मला घेऊनही भराभर चालायचा.

मग एक कंत्राटदार अध्यक्ष झाला. माणूस वाईट नव्हता. माझ्यावर त्याचा जीव होता, तिथेच घात झाला. "इतकी जुनी वस्तू उन्हापावसात हिंडवायची? मोडली म्हणजे?" असं म्हणून त्याने मला मखमल लावली आणि सभागृहाच्या मंचावर बोल्टांनी घट्ट आवळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नटले, पण माझे पाय बांधले गेले.

त्यानंतर बेकरीवाला बंधू वारला. दफनाहून माणसं सभागृहात आली. त्याचा भाऊ त्याच्या बायकोला हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, थोरल्याला मी नेतो, धाकटीला ताई नेईल. बेकरी विकून टाकू. एकटीने कसं करणार तुम्ही?"

तिने धाकटीचा हात घट्ट धरला.

अध्यक्ष पुढे आला. "वहिनी, पुढच्या सभेत विषय घेतो."

"सभेपर्यंत पोरं जातील रे बाबा!" बेकरीवाल्याची म्हातारी आई म्हणाली. "माझ्या सासऱ्याच्या वेळी ही खुर्ची घरी आली होती. आता हिला काय झालं? पाय दुखतात का तिचे?"

कोणी हसलं नाही. अध्यक्षाची मान खाली गेली. त्याने पाना मागवला आणि कोट काढून माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला. बोल्ट गंजले होते. ओढताना माझा मागचा पाय चिरला, मखमल टरकन फाटली. आई गं! पण त्या कळेत होतं तेवढं सुख मला त्या टाळ्यांत मिळालं नव्हतं. त्याने मला खांद्यावर घेतलं आणि भर रस्त्याने, घामाघूम होत, बेकरीपर्यंत नेलं.

ती बसली. तो उभा राहिला.

"मुलं इथेच राहतील," ती म्हणाली. "आणि मला काम येईपर्यंत भट्टी विझू देऊ नका."

"नाही विझू देणार, वहिनी."

दीर खाली बघत म्हणाला, "मग लाकडं मी आणतो."

दुसऱ्याच दिवशी बंधू पीठ मळायला हजर. पहिले पाव असे झाले की गवंड्याचा नातू म्हणाला, "खायला नकोत, भिंतीला लावू." त्या घरात तेव्हा पहिल्यांदा हसू फुटलं.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर काचेत ठेवू नका, मखमलीने मढवू नका. चिरलेल्या पायाला एक पट्टी ठोका आणि जिथे कोणी दारात उभं आहे तिथे मला न्या. सध्या मी बेकरीतच आहे. बाईला पाव जमू लागलेत, केक अजून बसतो. धाकटी माझ्यावर चढून भट्टीत डोकावते आणि आई ओरडते, "उतर गं, पडशील!"

मी मात्र तिला पडू देत नाही.