दोडक्याची अंगुरी

"हे द्राक्षाचं पान नाही, वीरभद्रप्पा," असं म्हणत अनंतरावांनी बाटलीच्या लेबलावर बोट ठेवलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी छापखान्याच्या टेबलावर ठेवली. "हे आहे. दौलताबादच्या मळ्यातून आणवलं खास."

वीरभद्राने चष्मा पुसला. आधी फांदी पाहिली, मग आपणच काढलेलं लेबल.

अनंतराव जहागीरदारांच्या दारूभट्टीचे कारभारी. वीरभद्र नांदेडच्या या शिळाछापखान्यात वीस वर्षं दगडावर चित्रं काढत होता, विड्यांची, दंतमंजनाची. दसऱ्याला जहागीरदारांनी बड्या लोकांसाठी उंची दारूचे तीन प्रकार बाजारात आणले, गुलाबी, संत्री आणि अंगुरी. त्यांच्या लेबलांसाठी वीरभद्राने आयुष्यात प्रथमच सोनेरी शाईची बाटली फोडली. गुलाब आणि संत्रं ओळखीची होती. द्राक्षं मात्र त्याने फक्त फळवाल्याच्या पेटीत, कापसावर निजलेली पाहिली होती. वेल कधीच नाही. तेव्हा त्याने परसातला दोडक्याचा वेल आठवला, घाईने पानं काढली आणि त्यांच्याखाली घड लटकवले.

"आठ दिवसांत दुरुस्त करा," अनंतराव म्हणाले. "नाही तर मालक पुढचं सगळं काम हैदराबादेला धाडतील."

वीरभद्र दोन दिवस नुसता फांदीकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी जेवताना बायकोला म्हणाला, "गुरम्मा, दोडक्याचा तणावा, वेल ज्यानं धरून वर चढतो तो दोरा, पानाच्या बगलेतून निघतो. द्राक्षाचा पानाच्या बरोबर समोरून. आहे का नाही गंमत?"

"अय्यो, पिणारा काय तणावा बघतो व्हय?" गुरम्माने भाकरी वाढली. "त्याला बूच निघालं की झालं."

"तो न बघो. मला दिसलाय ना आता."

त्याने जुना दगड घासून दोडक्याची पानं पुसली आणि त्यावरच नवा वेल काढला. पानाची प्रत्येक शीर जागच्या जागी. अनंतराव खूश होऊन लेबलं घेऊन गेले आणि महिन्याभरात बाटल्यांच्या खोक्यासकट परत आले.

"गिऱ्हाईक हात लावेना. नकली माल म्हणून राहिलेत."

"का बरं?"

"दोडक्याचं पान कुठंय म्हणतात." अनंतराव कपाळ पुसत खाली बसले. "अंगुरी कुणी म्हणतच नाही हो. एका वकीलसाहेबांची चिठ्ठी आली, पाहुणे येऊन राहिलेत, चार दोडके धाडा. भट्टीवरच्या कारकुनानं खरंच मंडईतनं दोडके धाडले."

वीरभद्र इतका हसला की चष्मा काढून ठेवावा लागला.

"हसा. पण जुना दगड काढा फौरन."

"तो कुठला? घासला की. त्याच्यावरच तर हे काढलं."

"मग परत घासा. दोडकाच हवा, पहिल्यासारखा. काम तुमच्याकडेच राहील, जबान देतो."

अनंतराव गेल्यावर वीरभद्राने दगडावर शाई फिरवली, चांगल्या कागदावर एकच छाप उठवला आणि वाळलेल्या फांदीसोबत पेटीत ठेवला. मग दगडावर वाळू पसरली, पाणी शिंपडलं आणि दुसरा दगड गोल गोल फिरवू लागला. वेल हळूहळू करडा झाला, मग नुसतं गढूळ पाणी उरलं.

हात धुऊन तो परसात गेला. गुरम्मा भाजीसाठी दोडके काढत होती.

"पान कशाला तोडून राहिलाव?"

"नमुना लागतो."

"वीस वर्सं दरसाल परसात लागतो त्यो वेल. तोंडपाठ न्हाई का अजून?"

"मागच्या वेळी घाईत काढला होता," वीरभद्र म्हणाला.

त्याने देठासकट पान आणून दगडाशेजारी ठेवलं. तणावा बगलेतूनच निघतो ना, ते चष्मा लावून नीट पाहून घेतलं आणि मग कुंचला उचलला.