कापसाची फुंकर

दुर्गाबाईची तुळजा सात वर्षांची झाली तरी तिला एक वाक्य धड बोलता येत नव्हतं. पाणी मागायचं तर ‘पा’वरच अडायची, मान आखडायची, डोळे ताणायची आणि शेवटी घागरीकडे बोट करून मोकळी व्हायची. पिंपळगावातली पोरं तिची नक्कल करायची, म्हणून ती अंगणाबाहेर पडेना.

बापाने, रखमाजीने, ठरवूनच टाकलं. "भोकरदनला गळ्याला डागणी देणारा म्हातारा हाय. मंगळवारी नेतो."

"एक महिना थांबा," दुर्गाबाई हात जोडून म्हणाली. डागलेली लेकरं तिने पाहिली होती. बोलायची तर नाहीतच, वर माणसाला पाहून दडायची.

मागच्या गल्लीत मदिना पिंजारीण राहायची. कापूस पिंजायला द्यायचा म्हणून दुर्गाबाई गेली, सोबत तुळजा. मदिनाने पोरीला नावसुद्धा विचारलं नाही. कापसाचा पुंजका हवेत सोडला आणि खालून फुंकर मारली. "खाली पडला तर तू हरली, बेटी!" तुळजा फुंकत राहिली, दमली, खुदकन हसली. दुसऱ्या दिवशी ती आपणहून तिकडे निघाली.

मग मदिना कापूस पिंजायच्या धनुकलीची तात छेडायची आणि ठोक्याला एक शब्द म्हणायला लावायची. "मी. दूध. पिणार." तुळजा अडली की म्हणायची, "जल्दी कशाला? कापूस कुठं पळून चाललाय?"

वीसेक दिवसांनी चुलीपुढे बसलेली तुळजा मांडीवर बोट आपटत म्हणाली, "आई. मला. भाकर. दे." तव्यावरची भाकर करपली तरी दुर्गाबाईला भान नव्हतं.

पण ते साल अठ्ठेचाळीस होतं. रझाकारांच्या बातम्या रोज येत होत्या. एका दुपारी रखमाजी चावडीवरून आला तो तोंड उतरवून. "उद्यापासून त्या गल्लीत पाय ठेवायचा न्हाई."

"मदिनानं आपलं काय वाईट केलं?"

"काहीच न्हाई केलं. तरी न्हाई जायचं. लोक बघून राह्यले."

दुर्गाबाई गप्प बसली. तिलाही लोकांचं भय होतं. तुळजा दारात बसून राहायची. आठवड्यात तिची जीभ पुन्हा अडू लागली.

भाद्रपदात हिंदी फौज आली, रझाकार पांगले आणि भय या गल्लीतून त्या गल्लीत गेलं. एका सकाळी मदिनाच्या घराला कुलूप दिसलं. कुणी म्हणालं जालन्याला गेले, कुणी म्हणालं हैदराबादला.

रखमाजीने पुन्हा डागणीचा विषय काढला, बैलगाडी जुंपली. दुर्गाबाई लेकीला कवेत घेऊन उंबऱ्यात बसली. "आधी माझ्या गळ्याला डागा. खेळता खेळता बोलाय लागली व्हती ती. तुम्ही खेळ बंद केला, आन् मी तोंड शिवून बसले."

रखमाजीने बैल सोडले.

त्या दिवसापासून दुर्गाबाई जात्यावर बसली की तुळजाला समोर घ्यायची. खुंट्याच्या फेऱ्यागणिक एक शब्द. मदिनासारखं तिला जमत नव्हतं. मधेच चिडायची, मग स्वतःवरच रागवायची. पोरगी परक्यांपुढे अडायची ती अडतच राहिली, पण घरात हळूहळू बोलू लागली.

संक्रांतीच्या सुमारास दळता दळता तुळजाने न थांबता विचारलं, "मदिनाखाला कुठं गेली?"

दुर्गाबाईचा हात थांबला. "मला ठाऊक न्हाई, बाई," ती म्हणाली. "मी विचारायलाबी गेले न्हाई."