चौथा हिलाल

शिपाई दाराशी आला तेव्हा रैता मसूर निवडत बसली होती.

"खाला, कोतवालांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

"मी कुणाची कोंबडी चोरली?"

शिपाई हसला नाही. "नावाचं काम आहे म्हणाले."

नावाचं काम म्हटल्यावर तिने मसुराचं ताट बाजूला ठेवलं. मोसूलमध्ये नावांच्या कामासाठी रैता बिन्त शुऐबकडेच यायची रीत होती. पैगंबरांची वचनं एकाकडून दुसऱ्याकडे तोंडी येत आलेली. सांगणारे कितीतरी एकाच नावाचे, त्यांतला एक सच्चा तर दुसरा थापाड्या. कुठलं वचन त्यांतल्या कुठल्या माणसाकडून आलं, हे तिला तोंडपाठ होतं. बगदादहून लोक तिच्या अंगणात येऊन बसायचे, कारण ती कधी खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

कोतवालीच्या आवारात तीन माणसं साखळदंडात उभी होती. रैताने तिघांनाही ओळखलं. पहिला, खरबुजं विकणारा लठ्ठ हिलाल बिन सालिम, घळाघळा रडत होता. दुसरा, तैग्रिस नदीच्या पुलाखालचा नावाडी हिलाल बिन सालिम, ओठ फुटून रक्त आलेला. आणि तिसरा, पोथ्यांच्या नकला करणारा तरुण हिलाल बिन सालिम, तिच्याच अंगणात शिकून मोठा झालेला. तो जमिनीकडे बघत होता.

कोतवाल नस्र बिन वकी नवाच आला होता. त्याने तिच्यासाठी बैठक मागवली, पाणी मागवलं.

"खाला, हिवाळ्यात धान्यबाजारात दंगा झाला, आठवतं? तोंडाला फडकं गुंडाळून एक जण पोत्यांच्या थप्पीवर चढला. म्हणाला, सुभेदाराची कुत्री गहू खातात आणि आपली पोरं खजुराच्या बिया चघळतात. लोकांनी कोठार फोडलं. कोतवालीचे दोन शिपाई मेले. चेहरा कुणी पाहिला नाही. पण गर्दीतून कुणीतरी ओरडलं होतं, 'बोल, हिलाल बिन सालिम, बोल!'"

"मग?"

"मग हे तीन. तिघंही म्हणतात, मी नव्हे. काजी म्हणाले, तुम्हाला विचारा."

"आणि मला सांगता आलं नाही तर?"

"तर तिघांचीही मुंडकी पुलावर टांगीन. एक तरी खरा निघेलच की."

खरबूजवाला मटकन खाली बसला. "खाला, माझ्या पोरी लहान आहेत हो!"

रैताने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. तिला माहीत होतं. दंग्याच्या दिवशी दुपारी तिसरा हिलाल तिच्याकडे धडा घ्यायला आला होता, तेव्हा त्याचा आवाज पार बसला होता. त्याच्या खांद्यावरच्या फडक्यात गव्हाची धूळ होती. तिने काही विचारलं नव्हतं. मध-पाणी दिलं होतं.

आता ती त्याच्याकडे बघत राहिली. मान वर कर, तिने मनात म्हटलं. बोल, त्या दिवशी बोललास तसा.  मान काही वर झाली नाही. त्याचा तिला संताप आला, आणि लगेच तो अंगणात पहिल्यांदा आला तेव्हाचं त्याचं शेंबडं नाक डोळ्यांपुढे आलं.

"खाला, नमाजाची वेळ होईल," कोतवाल म्हणाला.

"यांच्यातला कुणी नाही," रैता म्हणाली.

कोतवाल पुढे झुकला. "म्हणजे?"

"हिलाल बिन सालिम मोसूलमध्ये चार होते. चौथा रंगारी. दंग्यानंतर महिन्याभरात तापाने गेला. पोत्यांवर चढलेला तो होता."

"अल्लाची शपथ घेऊन सांगता?"

रैताने पेला बाजूला सरकवला. मग तिने शपथ घेतली. आवाज कापला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"तुमच्या शब्दावर सगळं शहर विश्वास ठेवतं," कोतवाल सावकाश म्हणाला. "मीही ठेवतो. पण मेलेला माणूस फार सोयीचा असतो, खाला." त्याने शिपायाकडे वळून हुकूम सोडला, "रंगाऱ्याची बायको असेल तर उचलून आणा."

हे रैताच्या ध्यानीमनी नव्हतं. ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं. नावाडी तिच्याकडे टक लावून बघत होता, जणू तिचा श्वास थांबला तर त्याचाही थांबेल.

जुमाना आली ती कोपरापर्यंत निळ्या हातांनी. रंगाच्या हौदावरूनच तिला ओढून आणलं होतं.

"तुझा नवरा धान्यबाजारात बोलला होता?" कोतवालाने विचारलं.

"कोण म्हणतं?"

"या खाला म्हणतात. शपथेवर."

जुमानाने रैताकडे पाहिलं. एवढ्या बारीक नजरेने कुणी आपल्याकडे कधी पाहिलं होतं, हे रैताला आठवेना. तिने डोळे वळवले नाहीत. तेवढंच तिच्या हातात होतं. मग जुमानाची नजर साखळदंडांवरून फिरली. खरबूजवाला हुंदका गिळत होता.

"मेला मेला तरी माझा पिच्छा सोडत नाही!" जुमाना एकदम कडाडली. "दररोज सांगायचे मी, तोंड आवर, तोंड आवर! ऐकलं कधी? घरात सुभेदाराला शिव्या, हौदावर सुभेदाराला शिव्या! त्या दिवशी घरी आला तेव्हा अंगावर गहू सांडलेला. मी विचारलं तर म्हणतो, तू भाकरी थाप!"

कोतवालाने तिचे निळे हात निरखून पाहिले.

"मेलेल्याचं मुंडकं उडवता येत नाही," तो शेवटी म्हणाला. "घर पाडा त्याचं. यांना सोडा."

साखळदंड उतरले. खरबूजवाल्याने मागे वळूनही न पाहता धूम ठोकली. नावाड्याने रैताच्या ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. तिसरा हिलाल जागचा हलेना. शिपायाने ढकललं तेव्हा हलला.

रस्त्यात जुमाना थांबली. रैताने तिला भिंतीशी बसवलं.

"तो कधी माझ्यावरसुद्धा ओरडला नाही हो, खाला," जुमाना म्हणाली. "गरीब गाय होता माझा माणूस. आता सगळं गाव त्याला खुनी म्हणेल."

"काही जण शूर म्हणतील."

"त्याला दोन्ही आवडलं नसतं."

 रैताने त्या निळ्या हाताला धरून जुमानाला आपल्या घरी नेलं.

शुक्रवारी अंगण नेहमीसारखं भरलं. रैता उंबऱ्यावरच उभी राहिली.

"आजपासून माझ्याकडून कुणी वचन घ्यायचं नाही. दुसरा उस्ताद बघा."

"का, खाला?" बगदादचा एक म्हातारा विद्यार्थी कळवळून म्हणाला. "आमचं काही चुकलं का?"

"जो एकदा खोटं बोलला त्याचं पुढचं काही धरू नये, हे मीच तुम्हाला शिकवलं ना? मग जास्त विचारू नका."

 मग एकेक जण उठला, चपला शोधू लागला. आवाज न करता सगळे गेले. तरुण हिलाल तेवढा कोपऱ्यात राहिला.

"मी बोलणार होतो, खाला," तो म्हणाला. "अजून थोडा वेळ मिळाला असता तर..."

"असेल," रैता म्हणाली. तिला ते खरंच माहीत नव्हतं. कोणाबद्दल काय खरं, हे तिला पहिल्यांदाच सांगता येत नव्हतं.

आतून जुमाना बाहेर आली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सांगायची गरज पडली नाही, पोत्यांवर चढलेला तो हाच, हे तिला कळलं.

"हात बघू तुझे," ती म्हणाली.

त्याने हात पुढे केले. बोटांना शाई लागलेली, तळवे मऊ.

"विटा उचलायची सवय नाही म्हणायची. होईल. माझं घर पुन्हा उभं करायचंय. चल."

तो तिच्यामागून निघाला. रैता दारात उभी राहून बघत राहिली आणि मग रिकाम्या अंगणातल्या चटया गुंडाळायला लागली.