बाईंनी लिहून दिलेला कागद

बीड जिल्ह्यातल्या कडा गावापासून नऊ किलोमीटरवर लिंबटाकळी आहे. तिथल्या उपकेंद्रात सुनिता एकोणीस वर्षं आरोग्यसेविका होती. गावात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. बाई म्हटलं की सुनिताच. कोणत्या घरात कुणाची पाळी चुकली, कोणत्या सुनेनं लोहाच्या गोळ्या उकिरड्यावर टाकल्या, हे तिला त्या घरातल्या माणसांच्या आधी कळायचं.

दिवाळीनंतर उपकेंद्रावर आरोही आली. समुदाय आरोग्य अधिकारी, वय सव्वीस, अंबाजोगाईची. तिच्यासाठी नवं टेबल आलं, टॅब आला, दारावर तिच्या नावाची पाटी लागली. सुनिताच्या नावाची पाटी एकोणीस वर्षांत कुणी लावली नव्हती. तिनं मागितलीही नव्हती, पण आता ती रोज त्या पाटीखालून आत जात होती.

आरोही तोऱ्यात वागली असती तर सोपं झालं असतं. ती “सुनिताताई, आधी तुम्ही घ्या” म्हणत डबा पुढे करायची. त्यामुळे चिडायलाही जागा नव्हती. एक दिवस भिवराबाई रक्तदाब तपासायला आल्या. त्यांची तिन्ही नातवंडं सुनिताच्या हातावर जन्मलेली. सुनितानं पट्टा हातात घेतला, तशा त्या म्हणाल्या, “राहू द्या बाई. मॅडमलाच दाखवते. त्यांची मशीन बराबर सांगती.”

मशीन तीच होती. सहा वर्षं सुनिताच ती वापरत होती. पट्टा टेबलावर ठेवून ती बाहेर नळावर हात धुवायला गेली आणि बराच वेळ हात धुतच राहिली.

मार्चच्या शेवटी ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडे परतल्या. एप्रिलच्या मध्यापर्यंत गावात काविळीचे अकरा रुग्ण निघाले. पिवळे डोळे, उलट्या, अन्नावरची वासना गेलेली. सगळं गाव विजयसिंहदादांच्या विहिरीचं पाणी पीत होतं. दादा गावातले मोठे बागायतदार. आजोबांपासून ती विहीर गावाला खुली होती, आणि दादांची गावातली निम्मी पत तिच्यावर उभी होती.

आरोहीनं पाण्याचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवला. पाणी पिण्यास अयोग्य, असा अहवाल आला. तिनं तो वर पाठवला आणि मंगळवारी तालुका आरोग्य अधिकारी तहसीलदारांचा आदेश घेऊनच गावात आले. पाण्याच्या मोटारीच्या पेटीला सील लागलं. विहिरीच्या कठड्यावर कागद चिकटवला.

“माझ्या मालकीची विहीर तुमी बंद करणार?” दादांनी विचारलं.

“साथ असली की मालकी बघितली जात नाही,” अधिकारी म्हणाले. “साथरोगाच्या कायद्यात तसा अधिकार आहे. सील तोडलं तर गुन्हा दाखल होईल. तोवर टँकर येईल.” मग त्यांनी आरोहीकडे वळून सगळ्यांदेखत सांगितलं, “काम चांगलं केलंत मॅडम.”

सुनिता मागं, बायकांच्या घोळक्यात उभी होती. अकरातल्या आठ घरांत ती आधी जाऊन आली होती. रुग्णांची नावं तिनंच लिहून काढली होती. अहवालाखाली सही एकट्या आरोहीची होती.

गुरुवारी दुपारी दादा उपकेंद्रावर आले. आरोही वस्तीवर गेली होती. दादा बाकावर बसले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच तिच्याकडे आले होते.

“बाई, तुमाला एकोणीस वर्षं झाली हितं. ही पोरगी काल आलेली. माझ्या विहिरीनं कदी कुणाला काई झालं का?”

“मला कोण इचारतंय दादा,” सुनिता म्हणाली. “आता सगळं मॅडमच्या हातात हाय.”

“मी इचारतोय की. गाव तुमचं ऐकतंय, त्यांचं न्हाई.”

ते शब्द तिला उन्हातून आल्यावर मिळालेल्या पाण्यासारखे लागले. दादांना काय हवंय हे तिला कळत होतं. तरी तिनं कपाटातून नोंदवही काढली. दोन एप्रिलला तिनं त्या विहिरीचं पाणी तपासलं होतं, त्यात क्लोरीन मिळाला होता. नोंद खरी होती. पण त्याच सकाळी ग्रामपंचायतीच्या शिपायानं तिच्यासमोर घमेलंभर ब्लीचिंग पावडर विहिरीत ओतली होती आणि त्याआधी पंधरा दिवस कुणी चिमूटभरही टाकली नव्हती. हे वहीत लिहिलेलं नव्हतं.

तिनं कागद घेतला. ‘दिनांक दोन एप्रिल रोजी मी स्वतः सदर विहिरीचे पाणी तपासले असता ते पिण्यास योग्य आढळले.’ खाली सही केली. सही करताना तिला विहीर दिसत नव्हती. दारावरची पाटी दिसत होती.

शुक्रवारी सकाळी दादांनी सील तोडून मोटार चालू केली. आरोही धावत गेली. आदेश वाचून दाखवला, गुन्हा होईल असं सांगितलं. पोलीस पाटील उत्तरेश्वर दादांच्याच शेजारी उभा होता.

“तुमच्या कागदाला आमच्याकडं बी कागद हाय,” तो म्हणाला. “बाईंनी लिहून दिलंय, पाणी चांगलं हाय.”

बायका हंडे भरायला लागल्या. टँकरचं पाणी तसंही कुणाला आवडत नव्हतं.

आरोही परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. “ताई, खरंच लिहून दिलंत?” एवढंच तिनं विचारलं. सुनिता म्हणाली, “जे वहीत हाय ते लिव्हलं.” त्या दिवशी तिला बरं वाटलं. घरी जाईपर्यंत वाटेत चार जणांनी तिला थांबवून विचारलं, बाई, पाणी प्यावं ना? चौघांनाही ती हो म्हणाली.

आरोहीनं वर कळवलं. तहसीलचं पथक मंगळवारी बंदोबस्त घेऊन येणार होतं. चार दिवस मोटार चालू राहिली.

सोमवारी गरोदर बायकांच्या तपासणीला भिवराबाईंची सून बबिता आली. सातवा महिना. नवरा अभिमन्यूबरोबर ती मार्चअखेर कारखान्यावरून परतली होती. सुनितानं तिची पापणी खाली ओढली आणि तिचा हात तिथंच थांबला. डोळा हळदीसारखा पिवळा होता. गरोदरपणात पाण्यातली कावीळ किती वाईट, हे तिला शिकवावं लागत नव्हतं.

आरोहीनं एकशे आठला फोन केला. बीडच्या वाटेवर दोघी रुग्णवाहिकेत बबिताच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. बबिताला ग्लानी आली होती.

“मी पाजलं हिला ते पाणी,” सुनिता हळूच म्हणाली.

आरोहीनं मान हलवली. “या काविळीला दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, ताई. हिला आधीच लागण झाली होती. या चार दिवसांत जे प्यालेत, त्यांचं मे-जूनमध्ये कळेल.”

तिनं ते दिलासा म्हणून सांगितलं नव्हतं, ठपका म्हणूनही नाही. फक्त खरं होतं म्हणून सांगितलं. आणि त्या घडीलाही सुनिताच्या मनात आलं, हेही हिलाच ठाऊक. आपण असं कसं होऊन बसलो, याची तिला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

बबिताला दाखल करून सुनिता मिळेल त्या जीपनं परतली. ऊन उतरायच्या आत ती विहिरीवर पोचली. बायका रांगेत होत्या, दादा झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते.

“दादा, मोटार बंद करा,” ती म्हणाली. “त्या दिवशी पावडर टाकल्या-टाकल्या मी पाणी तपासलं व्हतं. म्हणून चांगलं निघालं. ते मी कागदात लिव्हलं न्हाई.”

“कावून न्हाई लिव्हलं?”

“लिव्हायला पायजे व्हतं.”

तिनं रांगेतला पहिला हंडा धरला आणि जमिनीवर उपडा केला. हंडा ताराबाईंचा होता. ताराबाई बाजूला सरकल्या. मग त्यांच्या मागच्या बाईनं आपला हंडा स्वतःच ओतला. दादांनी गड्याला खूण केली, मोटार थांबली.

दुसऱ्या दिवशी पथकानं नवं सील लावलं, दादांवर गुन्हा नोंदवला आणि सुनिताचा जबाब घेतला. तिला कारणे दाखवा नोटीस आली. तिनं दादांना दिलेल्या कागदाचा उल्लेख आरोहीनं अहवालात केला होता.

“लिहावं लागलं, ताई,” ती म्हणाली.

“बरोबर केलंस,” सुनिता म्हणाली. त्या दिवसापासून ती तिला अगं-तुगं करू लागली. नोटिशीला तिनं एका ओळीचं उत्तर दिलं: चूक माझी आहे. सेवापुस्तकात ठपका पडला.

बबिता वाचली. मूल वाचलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काविळीचे नऊ नवे रुग्ण निघाले. सुनितानं प्रत्येकाचं घर गाठलं. दोघं त्या चौघांपैकी होते, ज्यांना तिनं वाटेत हो म्हटलं होतं. सगळे बरे झाले, पण बंकट नावाच्या गड्याचा पेरणीचा हंगाम खाटेवर गेला. विहिरीपासून वीस पावलांवरच्या शौचखड्ड्याला तडा गेलेला सापडला. तो बुजवला. लागोपाठ तीन नमुने चांगले आल्यावर ऑगस्टमध्ये विहीर उघडली.

त्याआधी एकदा सुनिता बबिताकडे गेली. बबिता ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. सुनिताही शेजारी बसून फोडू लागली.

“मी तो कागद दादांसाठी दिला न्हाई,” ती म्हणाली. “मॅडमवर जळून दिला.”

बबितानं हात थांबवला. “मला त्या चार दिवसांच्या पाण्यानं झालं का, बाई?”

“न्हाई. आधीच लागलं व्हतं.”

“मग मला कावून सांगताव?”

सुनिता शेंगा फोडून दाणे सुपात टाकत राहिली. बबितानं सूप जरा तिच्याकडे सरकवलं आणि पुढची शेंग फोडली.