इंदूच्या नावाचा अर्ज

वाघोलीच्या पुढं एका मोठ्या रुग्णालयात कोंडीराम बारा वर्षं साफसफाईला होता. मागच्या दिवाळीला गावी गेलेली निम्मी माणसं परत आलीच नाहीत, तेव्हा मुकादमाच्या मागं लागून त्यानंच बायकोला, इंदूला, कामावर लावलं. मॉप पिळायलाही त्यानंच शिकवलं. "माझ्या हाताखाली तयार झाली," असं तो टपरीवर कौतुकानं सांगायचा.

ते सांगणं बंद पडलं कल्याणी सिस्टरच्या बॅटरीमुळं. संसर्ग रोखायचं काम या सिस्टरकडं होतं. खाटेच्या कठड्यावर, बेलच्या बटणावर, दाराच्या मुठीवर त्या न दिसणारं जेल लावून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी निळा उजेड मारायच्या. फडकं फिरलं नसेल तिथं ठिपका चमकायचा. कोंडीरामच्या खोलीत दहापैकी चार चमकले. इंदूच्या खोलीत एकही नाही.

"काका, फरशी तुमची आरशासारखी," सिस्टर म्हणाल्या. "पण पेशंट फरशीला हात लावत नाही, कठड्याला लावतो."

सगळे हसले. इंदूही हसली, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं.

मग त्याला सगळंच खुपायला लागलं. पेशंटचे नातेवाईक "त्या इंदूमावशींनाच पाठवा" म्हणायचे, तेही. घरी आमटी जरा खारट झाली तरी तो पुटपुटायचा, "तिथं बरं सगळं जमतं!" इंदू आमटीत पाणी घालून पुन्हा वाढायची, त्यानं तो आणखीच पेटायचा.

इंदूच्या सुट्टीच्या दिवशी सिस्टरनी त्याला बोलावलं. "ऑपरेशन थिएटरला शिकलेली माणसं कमी पडताहेत. इंदूताईंना तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला पाठवायचंय. हा अर्ज, उद्या सही आणा."

बारा वर्षांत त्याला असा कागद कुणी दिला नव्हता.

"तिला नाय जमायचं," तो म्हणून गेला. "लिहिणं-वाचणं बेताचंच हाय. असल्या ट्रेनिंगला तीच नको म्हणते."

खरं तर इंदू दहावी पास होती आणि तो सातवीतून सुटलेला. अर्ज त्यानं घडी करून खिशात कोंबला.

आठ दिवसांनी ट्रेनिंगची यादी लागली. तिच्यात इंदूबरोबर सफाई करणाऱ्या पायलचं नाव होतं. इंदू तिला शाबासकी द्यायला गेली, तर पायल म्हणाली, "ताई, जागा तुमचीच होती. तुम्ही नको म्हणालात ना?"

इंदू सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मी कधी नको म्हणले?"

तो बादलीत मॉप बुडवत म्हणाला, "तू गेल्यावर लोक मला काय म्हणतील?"

"आणि मी काय म्हणीन, ते?"

ती तडक सिस्टरकडं गेली. पायलची जागा काढून घेऊ नका, पण पुढच्या तुकडीत माझं नाव घाला, असं तिनं स्वतः सांगितलं आणि तिथंच सही केली. सिस्टरनी कोंडीरामला जाब विचारला नाही. फक्त हुकूम काढला: इंदूताई ट्रेनिंगला जाईपर्यंत काकांनी त्यांच्या हाताखाली खोल्या पुसायला शिकायचं.

सोमवारी ती त्याच्याशी त्या दिवसानंतर पहिल्यांदा बोलली, तेही कामापुरतं. "फडक्याची अशी घडी घाला. आठ बाजू होतात. एक बाजू मळली की पलटा. मळकी बाजू पुन्हा लावायची नाही."

तिचे हात भराभर चालत होते. ते बघताना त्याला अजूनही खुपत होतं. तरी त्यानं घडी घातली. चुकली.

"पुन्हा," इंदू म्हणाली.

त्यानं पुन्हा घातली.