शेलारवस्तीचे तीन रोहिदास

न्हावऱ्याच्या शेलारवस्तीवर रोहिदास शेलार एक नाही, तीन आहेत, हे समृद्धीला कुणी सांगितलं नव्हतं. डेअरीच्या वहीत एकच होता : ‘रोहिदास शेलार, न्हावरे. गाय काल सांजच्याला माजावर.’ म्हणजे आज दुपारच्या आत कृत्रिम रेतन झालं तर झालं, नाहीतर पुढचे तीन आठवडे वाट बघायची. समृद्धीने मनातल्या मनात तास मोजले, गोठवलेल्या वीर्याच्या कांड्यांचं नायट्रोजनचं भांडं स्कूटरला बांधलं आणि दौंड सोडलं. डेअरीत रेतन तंत्रज्ञ म्हणून रुजू होऊन तिला महिनाही झाला नव्हता.

रस्त्याला लागून जे पहिलं घर होतं, तिथं एक धिप्पाड गृहस्थ कडबा टाकत होते.

“रोहिदास शेलार?”

“मीच की. या, म्याडम!”

गोठ्यात पाच काळ्यापांढऱ्या गायी निवांत रवंथ करत होत्या. ना हंबरणं, ना शेपटीखाली चिकट सोट, ना अस्वस्थपणा. समृद्धीने पाचही नीट तपासल्या.

“यातली एकही माजावर नाही.”

“आसं व्हय? बघा की एखादी. आलाच हाय तर.”

“आलाच हाय तर म्हणजे? तुम्ही फोन केला होता ना?”

“मी कशाला करू?”

“मग ‘मीच’ म्हणालात ते?”

“तुम्ही रोहिदास इचारलं. मी रोहिदास न्हाई का?”

एवढ्यात मागच्या आंब्याखालून एक गाय जीव तोडून हंबरली. समृद्धीने भांडं उचललं आणि आवाजाच्या दिशेने चालू लागली. पंचविशीतली एक बाई धावतच समोर आली.

“म्याडम, हिकडं! फोन मी केलाय, ललितानं. वेळेवर आलात, देवच पावला.”

खुंट्याभोवती गरगर फिरणाऱ्या गायीची लक्षणं पुस्तकात छापल्यासारखी होती. ललिताने एका दमात सगळं सांगून टाकलं. गाय तिच्या माहेरची, कासुर्डीची. वासरू असताना वडिलांनी लग्नात दिलेली. दोनदा भरवली, दोनदा गाभ न राहता उलटली. घरधनी म्हणाले, भाकड आहे. व्यापाऱ्याशी बोलणं झालं, बारा वाजता पिकअप येणार. घरधनी रांजणगावला कंपनीत पहिल्या पाळीला गेलेले, म्हणून तिने चोरून फोन केला होता.

“मालकाचं नाव काय लिहू?” समृद्धीने मोबाइल काढला.

ललिता पदराआड हसली. “दादा.”

“पूर्ण नाव.”

“त्ये मला घेता येत न्हाई. नवऱ्याचं आन् आजेसासऱ्याचं एकच हाय.”

मग उलगडा झाला. म्हातारे रोहिदास शेलार गेल्यावर त्यांच्या तीन मुलांनी आपापल्या थोरल्या मुलाला बापाचं नाव ठेवलं. हक्क कुणीच सोडेना. नाव तर ठेवलं, पण सुनांना सासऱ्याचं नाव तोंडाने घेता येईना. म्हणून घरात एक झाला आण्णा, दुसरा आप्पा, तिसरा दादा. रोहिदास उरला तो कागदावर आणि बाहेरून येणाऱ्या माणसांच्या तोंडी.

“आणि ते पहिल्या घरातले?”

“आण्णा भावजी. थोरलं.”

थोरले भावजी मागोमाग आलेच होते. ललिताने घाईने ठेवलेल्या चहाचा वास त्यांना लागला असावा. समृद्धीने गायीच्या कानातला पिवळा बिल्ला पाहून त्याचे बाराही आकडे मोबाइलवर भरले. उत्तर आलं : या जनावराची रेतनाची नोंद नाही.

तिने आकडे पुन्हा भरले. नोंद नाही. मग मालकाच्या नावाने शोधलं. रोहिदास शेलार, रेतन दोनदा, जनावरं दोन. पण दोन्ही बिल्ले वेगळे.

“ताई, मागच्या दोन्ही वेळेला रेतन झालं तेव्हा तुम्ही इथं होता?”

“न्हाई. सकाळी फोन करायचा आन् कांद्याच्या रानात जायचं. डेअरीत ह्येंचा नंबर हाय, त्यावर मेसेज यायचा, आपल्या गायीचं रेतन झालं म्हणून.”

“झालं, पण हिचं नाही. आण्णा, तुमच्या गायींचे बिल्ले बघू का?”

आण्णांनी बशीतला चहा भुरकला. “बघायचं काय त्यात? तुमच्या आधीचं साहेब दारात आलं, रोहिदास का म्हणलं. म्हणलं, व्हय. पाच गाया, त्यातली एखादी माजावर असायचीच. दारात आलेला डाक्टर माघारी धाडायचा का?”

“दोन्ही खेपंला?” ललिताचा आवाज चढला.

“दोन्ही गाभण हायेत,” आण्णा अभिमानाने म्हणाले.

“आन् माझी भाकड ठरली! भावजी, लाज न्हाई वाटत?”

“मी खोटं काय बोललो ते सांग.”

समृद्धी वादात पडली नाही. कोमट पाण्यात कांडी धरली, घड्याळ लावलं आणि मन लावून आपलं काम उरकलं. साडेअकरा झाले होते. हात धुतल्यावर तिने ललिताच्या नवऱ्याला फोन लावला.

“तुमची गाय भाकड नाही. तिला आजवर कुणी भरवलीच नव्हती. आज भरवली. विकू नका.”

पलीकडे मशिनचा खडखडाट होता. “पण मला मेसेज आलं व्हतं की.”

“ते आण्णांच्या गायींचे.”

“आरारारा! म्याडम, मंग ती पिकअप आडवा. डायव्हर नवा हाय, निघालाय कवाच.”

“त्याला पत्ता काय सांगितलाय?”

“पत्ता कशाला? रोहिदास शेलार, काळीपांढरी गाय. शेलारवस्तीवर कुनीबी सांगंल.”

समृद्धीने फोन कानावरून काढला, तोच रस्त्याकडून फळी आदळल्याचा आवाज आला. पिकअप पहिल्या घरासमोर उभी होती. आण्णांच्या गोठ्यातली सगळ्यात गुटगुटीत गाय अर्धी गाडीत चढली होती, आणि ड्रायव्हर तिला मागून रेटत होता.

आण्णांच्या हातातली बशी खाली पडली. चार महिन्यांची गाभण गाय! धोतर सावरत ते धावत सुटले.

“आरं ये! सोड तिला!”

“रोहिदास शेलार तुम्हीच का?” ड्रायव्हरने वळून विचारलं.

“न्हाई!” आण्णा गावभर ऐकू जाईल असे ओरडले. “मी त्यो न्हाई! मी आण्णा हाय, आण्णा!”